गेट सी कोणी उघडलं?

आजचा विषय वरवर फुटबॉलचा वाटेल, पण फुटबॉलचे नियम ज्यांना माहीत नाहीत त्यांनीही ऐकावा असा आहे. इंग्लंडमध्ये शेफील्ड नावाचं शहर आहे. तिथे हिल्सबरो नावाचं स्टेडियम आहे. त्या स्टेडियमच्या भिंतीत एक मोठं लोखंडी फाटक होतं, त्याचं नाव गेट सी. १५ एप्रिल १९८९ रोजी दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी ते उघडलं. ते कोणी उघडलं, या साध्या प्रश्नाचं पहिल्या अर्ध्या तासात खोटं उत्तर दिलं गेलं. ते खोटं पुरतं खोडून काढायला २७ वर्षं लागली. ती २७ वर्षं हाच आजचा विषय.

पण त्याआधी आपल्याच एका शब्दापाशी क्षणभर थांबू. चेंगराचेंगरी. मराठीत या घडणीचे पुष्कळ शब्द आहेत : मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी. एकाने दुसऱ्याला केलं, दुसऱ्याने पहिल्याला केलं, असा त्यांचा अर्थ. म्हणजे चेंगराचेंगरी म्हटलं की मेले तेही तेच आणि मारणारेही तेच. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं गेली, तेव्हा सगळ्यांनी हाच शब्द वापरला, मीही वापरला. पूल किती रुंद असावा हे ठरवणारा माणूस या शब्दात कुठे बसतच नाही. हिल्सबरोचे कागद वाचताना मला आपला हा शब्द सारखा टोचत राहिला.

आता १९८० च्या दशकातलं इंग्लंड. तेव्हा फुटबॉलच्या मैदानात बसायला खुर्च्या असत, पण स्वस्त तिकिटवाल्यांसाठी पायऱ्या-पायऱ्यांची उघडी जागा असे. तिथे उभं राहून सामना बघायचा. चाहत्यांच्या टोळ्या हाणामाऱ्या करत, मैदानात घुसत. म्हणून या उभ्या जागांना समोरून उंच जाळीचं कुंपण घातलं गेलं आणि आतही उभी कुंपणं टाकून तिचे कप्पे पाडले गेले. या कप्प्यांना इंग्रजीत ‘पेन’ म्हणत. मेंढरं ठेवतात त्या जागेलाही तोच शब्द आहे. मराठीत कोंडवाडा म्हटलं तर फार चूक होणार नाही.

भीती निराधार होती असं मी म्हणणार नाही. २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या चाहत्यांनी इटलीच्या युव्हेंटस संघाच्या चाहत्यांवर चाल केली, लोक पळताना भिंतीशी दाबले गेले, भिंत कोसळली आणि ३९ जण मेले. त्या प्रकरणात बेल्जियमच्या न्यायालयाने लिव्हरपूलच्या १४ चाहत्यांना दोषी ठरवलं. दोष खरा होता, शिक्षाही झाली. पण त्यानंतर इंग्लंडमध्ये फुटबॉल बघायला जाणारा प्रत्येक तरुण, आणि लिव्हरपूलचा तर विशेष करून, आधी संशयित आणि मग प्रेक्षक झाला. गुन्हेशास्त्रात स्टॅन्ली कोहेन यांचं १९७२ सालचं पुस्तक प्रसिद्ध आहे. समाज एखाद्या गटाला राक्षस ठरवतो आणि मग त्या गटाबद्दलची प्रत्येक बातमी त्याच चष्म्यातून कशी वाचली जाते, हे त्यात त्यांनी दाखवलं. हिल्सबरोला तो चष्मा आधीच सगळ्यांच्या नाकावर चढलेला होता.

त्या शनिवारी एफ.ए. कपची उपांत्य फेरी होती, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. हेच दोन संघ, हीच फेरी, हेच मैदान आदल्या वर्षीही होतं. लिव्हरपूलच्या चाहत्यांना लेपिंग्ज लेन या बाजूने आत यायचं होतं. त्या बाजूच्या उभ्या जागेची तिकिटं होती १०,१०० आणि तिच्यासाठी फिरती दारं होती ७. गणित तुम्हीच करा : एका दारातून सुमारे १,४४० माणसं, एकेक करून. स्टेडियमला सुरक्षेचं प्रमाणपत्र मिळालं होतं १९७९ साली. त्यानंतर आतली कुंपणं बदलली, कप्पे पाडले, पण किती माणसं मावतील याचे आकडे सुधारले नाहीत. १९८१ मध्ये याच जागी, याच फेरीच्या सामन्यात गर्दी दाबली जाऊन ३८ जण जखमी झाले होते. म्हणजे ठिकाणाने आठ वर्षं आधी इशारा दिलेला होता.

बंदोबस्ताची जबाबदारी साउथ यॉर्कशायर पोलिसांचे चीफ सुपरिटेंडेंट डेव्हिड डकनफील्ड यांच्याकडे होती. त्या पदावर येऊन त्यांना तीन आठवडेही झाले नव्हते आणि एवढ्या मोठ्या सामन्याचा अनुभव त्यांना नव्हता. अडीच वाजून गेल्यावर बाहेर इतकी गर्दी साचली की तिथेच माणसं मरतील असं वाटून बाहेरच्या पोलीस अधिकाऱ्याने वायरलेसवरून बाहेर पडायची मोठी फाटकं उघडण्याची परवानगी मागितली. डकनफील्ड यांनी ती दिली. गेट सी उघडलं, पाचेक मिनिटं उघडं राहिलं आणि दोन हजारांच्या आसपास लोक आत आले.

इथपर्यंतचा निर्णय कदाचित समजून घेता येईल. पुढचं नाही. फाटकातून आत आलं की समोरच एक बोगदा दिसे, उताराचा. तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत, तीन आणि चार नंबरच्या, उघडत असे. ते दोन्ही आधीच भरून गेले होते. बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण तिकडे कसं जायचं याची धड पाटी नव्हती. बोगद्याच्या तोंडाशी दोन-चार पोलीस उभे करून लोकांना बाजूला वळवायला हवं होतं. आदल्या वर्षी तसं केलं होतं, असं अनेकांनी साक्षीत सांगितलं. या वर्षी तसा हुकूम कोणी दिला नाही. आणि पोलिसांचा नियंत्रण कक्ष त्याच कोपऱ्यात उंचावर होता, त्याच्या खिडकीतून ते कोंडवाडे समोर दिसत होते.

अशा वेळी माणसं तुडवली जाऊन मरतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. बहुतेक उभ्याउभ्याच जातात. छाती चारी बाजूंनी दाबली जाते, फासळ्या फुगायला जागा राहत नाही, श्वास आत घेता येत नाही. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही, म्हणून तो ढकलत राहतो. त्याचा हेतू वाईट नसतो. त्याला फक्त सामना बघायचा असतो. कुंपणावर चढून बाहेर पडू पाहणाऱ्यांना सुरुवातीला काही पोलिसांनी परत आत लोटलं, कारण त्यांच्या डोळ्यांना तो मैदानात घुसण्याचा प्रयत्न दिसला. सामना ३ वाजता सुरू झाला, ३ वाजून ६ मिनिटांच्या सुमारास थांबवला. मग चाहत्यांनीच जाहिरातींच्या फळ्या उचकटून त्यांचे स्ट्रेचर केले. रुग्णवाहिका बाहेर रांगेत येऊन उभ्या राहिल्या, मैदानावर पोहोचल्या त्या अगदी थोड्या.

९४ जण त्याच दिवशी गेले. एक चौदा वर्षांचा मुलगा चार दिवसांनी. एक तरुण जवळपास चार वर्षं बेशुद्धावस्थेत होता. त्याचे उपचार थांबवावेत का, हा प्रश्न लॉर्डांच्या सभागृहापर्यंत गेला आणि तो १९९३ मध्ये गेला. मेलेल्यांत सगळ्यांत लहान दहा वर्षांचा होता, सगळ्यांत मोठे ६७ वर्षांचे.

आता ते खोटं. माणसं अजून मैदानावर पडलेली असताना फुटबॉल संघटनेचे प्रमुख ग्रॅहम केली नियंत्रण कक्षात आले. डकनफील्ड यांनी त्यांना सांगितलं की चाहत्यांनी फाटक जबरदस्तीने उघडलं. ज्या माणसाने फाटक उघडायचा हुकूम दिला, तोच हे सांगत होता. ते तिथून बातम्यांत गेलं आणि संध्याकाळपर्यंत जगभर पोहोचलं. चार दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ या खपाच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर ‘सत्य’ असा मथळा टाकून छापलं की दारू प्यालेल्या चाहत्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली. ही माहिती शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेकडून आली होती आणि तिच्यामागे पोलीस अधिकारी व स्थानिक खासदार होते. लिव्हरपूल शहरात आजही बहुतेक दुकानदार ते वर्तमानपत्र ठेवत नाहीत.

रात्री स्टेडियमच्या व्यायामशाळेत मृतदेह ठेवले होते. नातेवाइकांना फोटोंच्या भिंतीसमोर उभं करून आपलं माणूस ओळखायला सांगितलं गेलं आणि लगेच टेबलाशी बसवून विचारलं गेलं : प्यायला होता का, किती? मेलेल्या प्रत्येकाच्या रक्तातली दारू तपासली गेली, मुलांचीसुद्धा. ज्यांच्या रक्तात थोडीफार सापडली, त्यांच्या नावावर जुना गुन्हा आहे का ते पोलिसांनी संगणकावर पाहिलं. गुन्हेशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या प्रकरणातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. तपास सुरू झाला होता, पण तपासाखाली प्रेतं होती.

आणि एवढं होऊनही खरं काय ते चार महिन्यांत बाहेर आलं, हे लक्षात घ्या. लॉर्ड जस्टिस टेलर यांच्या चौकशीचा पहिला अहवाल ऑगस्ट १९८९ मध्ये आला. पोलिसांचं नियंत्रण सुटलं हेच मुख्य कारण, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. चाहत्यांवरचे आरोप त्यांनी मान्य केले नाहीत. जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालामुळे मोठ्या मैदानांतली उभी जागा गेली, खुर्च्या आल्या, कुंपणं गेली. मैदानातल्या गर्दीवरचा तो देशातला नववा सरकारी अहवाल होता. आधीचे आठ कपाटात होते.

मग २७ वर्षं कशाला लागली? कारण अहवाल म्हणजे निकाल नव्हे. ऑगस्ट १९९० मध्ये सरकारी वकिलांनी ठरवलं की कोणावर खटला भरण्याइतका पुरावा नाही. त्यानंतर मृत्यूंची कारणमीमांसा करणारी कॉरोनरची चौकशी झाली. कॉरोनरने नियम घातला : दुपारी ३.१५ नंतरचं काही ऐकायचं नाही. तेव्हा पहिली रुग्णवाहिका मैदानावर आली होती आणि तोवर सगळ्यांना प्राणघातक इजा झालेलीच होती, असं त्यांनी गृहीत धरलं. याचा परिणाम बघा. मदत उशिरा का आली, हा प्रश्नच दाराबाहेर राहिला. मार्च १९९१ मध्ये ज्युरीने ९ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला : अपघाती मृत्यू.

ॲन विल्यम्स या आईचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. एका पोलीस स्वयंसेविकेने त्याला हातात धरलं होतं आणि चार वाजायच्या सुमारास त्याने आईला हाक मारली, असं तिने लिहून दिलं होतं. म्हणजे ३.१५ नंतर पाऊण तास तो जिवंत होता. मग तिचा जबाब बदलला गेला. ॲनबाई कायदा शिकलेल्या नव्हत्या, दुकानात काम करत. त्यांनी साक्षीदार शोधले, डॉक्टरांची मतं मिळवली, सरकारकडे पुन्हा पुन्हा अर्ज केले, युरोपच्या मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेल्या. सगळीकडून नकार आला.

जबाब बदलणं ही एकट्या मुलाची गोष्ट नव्हती. फिल स्क्रॅटन नावाचे गुन्हेशास्त्रज्ञ दुर्घटनेनंतर लगेच या कामाला लागले होते. १९९९ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की पोलिसांना नेहमीच्या खिशातल्या वहीत न लिहिता साध्या कागदावर आठवणी लिहायला सांगितलं होतं, आणि ते कागद वकिलांच्या नजरेखालून जाऊन दुरुस्त होऊन परत येत होते. स्क्रॅटन यांचा प्रश्न नेहमीच्या गुन्हेशास्त्राच्या उलट होता. गर्दीत कोण वाईट वागलं, असं ते विचारत नव्हते. घटना घडल्यावर तिची गोष्ट लिहायचा अधिकार कोणाच्या हातात होता, असं विचारत होते. हेच पोलीस दल १९८४ च्या खाणकामगारांच्या संपात ऑरग्रीव्हला होतं. तिथे ९५ कामगारांवर खटले भरले आणि एकसारखे शब्द असलेल्या पोलिसांच्या साक्षी उलटतपासणीत ढासळून ते सगळे कोलमडले. कोणाला काही शिक्षा झाली नाही. सवय लागते.

२००९ मध्ये, विसाव्या स्मृतिदिनी, लिव्हरपूलच्या मैदानावर मंत्री अँडी बर्नहॅम भाषण करायला उभे राहिले आणि हजारो लोकांनी न्याय, न्याय असा घोष करून त्यांना थांबवलं. त्यातून स्वतंत्र समिती नेमली गेली. अध्यक्ष लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स, संशोधनाची धुरा स्क्रॅटन यांच्याकडे. ही न्यायालयीन चौकशी नव्हती. तिला एकच काम होतं : सरकारी कपाटं उघडायची. साडेचार लाख पानं बाहेर आली. १२ सप्टेंबर २०१२ च्या अहवालात आकडे होते. १६४ जबाब बदललेले, त्यांतल्या ११६ मधून पोलिसांवरची टीका काढलेली. आणि मेलेल्यांपैकी ४१ जण वेळेत उपचार मिळते तर वाचू शकले असते. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. डिसेंबरमध्ये जुना निकाल उच्च न्यायालयाने रद्द केला तेव्हा ॲन विल्यम्स कर्करोगाने खंगून चाकांच्या खुर्चीत न्यायालयात होत्या. चार महिन्यांनी त्या गेल्या.

नवी चौकशी २०१४ ते २०१६ अशी दोन वर्षं चालली. साक्षीच्या पिंजऱ्यात डकनफील्ड यांनी कबूल केलं की फाटकाबद्दल आपण खोटं बोललो. २६ एप्रिल २०१६ ला ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी निकाल दिला की ९६ जणांना बेकायदेशीरपणे मारलं गेलं, आणि चाहत्यांचा काही दोष नव्हता. त्या वर्षीच्या अखेरीस स्क्रॅटन यांना सरकारी किताब देऊ केला गेला, तो त्यांनी नाकारला.

इथे गोष्ट संपावी असं आपल्याला वाटतं. पण २०१९ मध्ये डकनफील्ड यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही, दुसऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. विचार करा : आधीच्या चौकशीतही ज्युरीला सांगितलं होतं की डकनफील्ड यांच्या घोर निष्काळजीपणामुळे मृत्यू झाले याची खात्री असेल तरच बेकायदेशीर म्हणा. माणूस तोच, प्रश्न जवळपास तोच, उत्तरं उलटी. मी त्या दुसऱ्या ज्युरीला दोष देत नाही. फौजदारी कायद्याला एक माणूस लागतो, एक क्षण लागतो. इथे दहा वर्षं जुनं प्रमाणपत्र होतं, सात दारं होती, नवखा अधिकारी नेमणारे वरिष्ठ होते. एवढं सगळं एका म्हाताऱ्या निवृत्त अधिकाऱ्याच्या खांद्यावर ठेवून तीस वर्षांनी विचारलं, तर ज्युरी कचरणारच. शिक्षा झाली ती एकालाच, क्लबच्या माजी सचिवाला. दारं पुरेशी आहेत का हे न पाहिल्याबद्दल साडेसहा हजार पौंड दंड.

जबाब बदलणाऱ्यांचं काय? मे २०२१ मध्ये तोही खटला बंद पडला. न्यायाधीशांनी सांगितलं की बदललेले जबाब टेलर यांच्या चौकशीला दिले होते, आणि ती चौकशी म्हणजे न्यायालय नव्हे, म्हणून न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा गुन्हा होत नाही. या भोकासाठीच कुटुंबांनी नवा कायदा मागितला : सरकारी माणसाने चौकशीत खरं सांगणं कायद्याने बंधनकारक असावं. ते विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मांडलं गेलं.

आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल सामन्यात १६ प्रेक्षक गेले. बंगालने त्यांची आठवण वेगळ्या तऱ्हेने ठेवली. त्या तारखेला फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात, मन्ना डे यांचं गाणं आहे. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या फाटकांबाहेर ११ जण गेले, तेव्हा तिथले मराठी मित्र मला फोनवर सांगत होते, कोणीतरी दार उघडलं म्हणे, कोणीतरी बंद केलं म्हणे. मुख्यमंत्र्यांनी त्या संध्याकाळी सांगितलं की मैदानाची क्षमता ३५ हजार आणि लोक आले दोन-तीन लाख. आकडा खरा असेलही. पण मी हिल्सबरो वाचलेलं असल्यामुळे मला त्या वाक्याची भीती वाटली, कारण त्यात लोकांचं येणं हेच कारण होऊन बसतं. आयुक्तांसह पोलीस अधिकारी निलंबित झाले, न्यायिक आयोग बसला. त्या दिवशीचे वायरलेसवरचे संदेश, परवानगीचे कागद, फाटकांवर नेमलेल्यांची यादी कुठे आहे आणि कोणाच्या ताब्यात आहे, हे त्या ११ घरांपैकी कोणाला तरी आत्ताच विचारावं लागेल.

हिल्सबरोच्या आकड्याबद्दल एक राहिलं. त्या दिवशी कोंडवाड्यात मेंदूला कायमची इजा झालेला एक चाहता ३२ वर्षं घरच्यांच्या देखभालीखाली जगला आणि जुलै २०२१ मध्ये, जबाबांचा खटला बंद पडल्यावर दोन महिन्यांनी, गेला. कॉरोनरने त्याचाही मृत्यू बेकायदेशीर ठरवला. लिव्हरपूलच्या खेळाडूंच्या शर्टावर मागे, कॉलरच्या खाली, ९६ असा आकडा असायचा. आता तिथे ९७ असतो.